यंत्रज्ञाच्या शिदोरींतलें रसायन

यंत्रविद्येच्या विद्यार्थ्याला रसायनशास्त्र किती शिकवावें, हा प्रश्न वरवर पाहतां अगदीं क्षुल्लक वाटतो. दरवर्षी पावसाळ्याच्या तोंडाशीं नवे विद्यार्थी इंजिनिअरिंग कॉलेजांत पाऊल टाकतात, आणि पहिल्याच वर्षीं रसायनाचें पुस्तक हातीं आलें कीं पुष्कळांच्या कपाळाला आठी पडते. दांतेरी चाकें, दट्टे आणि पट्टे यांचा संसार मांडावयास निघालेल्या माणसाला परीक्षानळींतल्या रंगांशीं काय कर्तव्य, असें त्यांना वाटतें. घरच्या वडीलधाऱ्यांचेंहि मत बहुधा निराळें नसतें. मुलगा कारखान्यांत जाणार, औषधांच्या दुकानांत नव्हे. मग हा भार त्याच्या डोक्यावर कशाला? विद्यार्थ्यांची ही तक्रार आजची नव्हे, आणि ती निव्वळ आळसाचीहि नव्हे. यंत्रविद्येचें शिक्षण जेव्हांपासून वर्गांत देऊं लागले तेव्हांपासून शिक्षकांतच या बाबतींत दोन पक्ष आहेत.

फ्रेंच राज्यक्रांतीच्या धामधुमींत, १७९४ सालीं, पॅरिसमध्यें जी शाळा निघाली आणि पुढच्याच वर्षीं जिला एकोल पॉलितेक्निक हें नांव मिळालें, तिच्या संस्थापकांत भूमितिज्ञ मोंज होता तसे बेर्तोले, फूर्क्र्वा, गितों द मोर्व्हो यांसारखे नामांकित रसायनज्ञहि होते. राष्ट्राला त्या वेळीं दारूगोळा हवा होता, तोफा हव्या होत्या, आणि या दोहोंचें मूळ रसायनांत आहे हें त्या माणसांनीं प्रत्यक्ष अनुभवलें होतें. म्हणून तेथें विद्यार्थ्यानें रसायनशास्त्र नुसतें ऐकावयाचें नसे. प्रयोगशाळेंत उभें राहून स्वतःच्या हातांनीं करावयाचें असे. पण लढायांची निकड ओसरली, लाप्लाससारख्या गणितज्ञांचें वजन वाढलें, आणि कांहीं वर्षांतच गणिताचें पारडें जड होऊन रसायन मागें पडलें. पुढें अनेक देशांत हाच खेळ पुन्हां पुन्हां झाला. संकट आलें कीं रसायनाची आठवण व्हावी आणि संकट टळलें कीं त्याचे तास कापले जावेत, असा एकंदर क्रम दिसतो.

आपल्याकडची गोष्ट थोडी वेगळी आहे. पुण्यास १८५४ सालीं जो इंजिनिअरिंगचा वर्ग उघडला तो सरकारी बांधकाम खात्याला हाताखालचीं माणसें मिळावींत एवढ्यासाठीं. त्याचें कॉलेज झालें, आणि १८८० च्या सुमारास त्या कॉलेजाचें नांव चक्क कॉलेज ऑफ सायन्स असें ठेवण्यांत आलें. इंजिनिअरिंगच्या जोडीला शास्त्रविषय व शेतकी यांचें शिक्षण एकाच छपराखालीं मिळावें ही त्यामागची कल्पना होती. विश्वेश्वरय्या शिकले ते याच कॉलेजांत. १९११ सालीं त्याचें नांव कॉलेज ऑफ इंजिनिअरिंग असें झालें. मुंबईंत १८८७ सालीं स्थापन झालेल्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमधून गिरण्यांना लागणारे यंत्रज्ञ तयार होऊं लागले, आणि १९३३ सालीं मुंबई विद्यापीठानें रासायनिक तंत्रविद्येसाठीं स्वतंत्र विभागच काढला. विद्येच्या दृष्टीनें ही मोठीच पायरी होती. पण तिचा एक परिणाम असाहि झाला कीं रसायन हें रसायनवाल्यांचें आणि यंत्र हें यंत्रवाल्यांचें, ही वांटणी पक्की झाली. अमेरिकेंत ही वांटणी त्याच्याहि आधीं झाली होती. बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजींत लुईस नॉर्टन यानें १८८८ सालीं जो दहावा अभ्यासक्रम सुरू केला, त्यांत बहुतेक भाग यंत्रविद्येचाच असून त्याला औद्योगिक रसायनाची जोड दिलेली होती. रासायनिक इंजिनिअरिंग ही नवी शाखा जन्माला आली ती अशी, यंत्रविद्येच्या घरांतून वेगळी चूल मांडून. वेगळ्या झालेल्या भावानें रसायनाचीं भांडींकुंडीं बरोबर नेलीं, आणि मूळ घरांत त्यांची उणीव कोणास फारशी जाणवली नाहीं. ती जाणवली ती कारखान्यांत.

या उणिवेची किंमत किती असूं शकते याचा पहिला मोठा हिशोब इंग्लंडांत मांडला गेला. हेन्री बेसेमर हा विलक्षण कल्पक माणूस होता. यंत्रें जुळविण्यांत त्याचा हातखंडा; रसायनशास्त्राचें पद्धतशीर शिक्षण मात्र त्यानें घेतलेलें नव्हतें. ११ ऑगस्ट १८५६ रोजीं चेल्टनहॅम येथें ब्रिटिश असोसिएशनच्या सभेंत त्यानें एक निबंध वाचला. वितळलेल्या कच्च्या लोखंडांतून नुसती हवा फुंकली तर त्यांतला जादा कर्ब जळून जातो, आणि त्या जळण्याच्या उष्णतेनेंच लोखंड वितळलेलें राहतें. निराळें सरपण लागत नाहीं, असा त्याचा दावा होता. जें काम तासन्तास घाम गाळून होत असे तें अर्ध्या तासाच्या आंत होणार, हें ऐकून लोखंडाचे कारखानदार त्याच्या दारीं धांवले. थोड्याच दिवसांत परवान्यांपोटीं सुमारें २७,००० पौंड त्याच्या हातीं पडले. कारखानदारांनीं भट्ट्या उभारल्या, हवा फुंकली, रस ओतला. आणि जें हातीं आलें तें थंडीवर नुसत्या घणाच्या घावानें फुटूं लागलें. ज्यांनीं काल डोक्यावर घेतलें त्यांनीं आज त्याला भोंदू ठरविलें.

बेसेमरच्या यंत्रांत कसलाहि दोष नव्हता. दोष होता खनिजांत. इंग्लंडांतील बहुतेक लोखंडाच्या खनिजांत फॉस्फरस अर्थात् स्फुरद असे. तो लोखंडांत अल्प प्रमाणांत राहिला तरी लोखंड थंड असतांना ठिसूळ होतें. बेसेमरनें आपले प्रथमचे प्रयोग ज्या कच्च्या लोखंडावर केले तें दैवयोगानें कमी स्फुरदाचें निघालें. वेल्समधील ब्लेनाव्हनचें तें लोखंड होतें. त्यांत काय आहे आणि काय नाहीं हें त्यानें पाहिलेंच नव्हतें, कारण पाहावें असें त्याच्या मनांतच आलें नाहीं. पुढें त्यानें रसायनज्ञ हाताशीं धरले, स्फुरदरहित लोखंड आणवलें, परवाने परत विकत घेतले आणि शेफील्डला स्वतःचा कारखाना काढून आपलें म्हणणें खरें करून दाखविलें. मँगनीजयुक्त मिश्रण घालून त्या पोलादाचे उरलेले दोष काढण्याची युक्ति रॉबर्ट मशेट याची. पण स्फुरदाचा प्रश्न सुटला नव्हता. तो फक्त टाळला होता. ज्या देशांत स्फुरदाचेंच खनिज मुबलक, त्या देशाला बेसेमरची भट्टी निरुपयोगीच राहिली.

तो प्रश्न सोडविला लंडनच्या एका पोलीस-कोर्टांतील कारकुनानें. सिडने गिलख्रिस्ट थॉमस याचें शिक्षण वडिलांच्या मृत्यूमुळें सतराव्या वर्षी अर्धवट राहिलें. दिवसभर समन्स आणि दंड यांच्या नोंदी करावयाच्या आणि संध्याकाळीं बर्कबेक संस्थेंत रसायनाच्या व्याख्यानांना जावयाचें, असा त्याचा क्रम होता. बेसेमरच्या भट्टींतून स्फुरद जो काढील त्याचें नशीब उघडेल, असें एका व्याख्यानांत शिक्षक चॅलोनर बोलून गेले. वर्गांत इतरहि पुष्कळ जण बसले असतील. पण तें वाक्य मनांत रुजलें तें या कारकुनाच्या.

थॉमसनें विचार केला तो शुद्ध रसायनाच्या पायावर. हवा फुंकली असतां स्फुरद जळतो खरा, पण जळून त्याचें जें संयुग होतें तें अम्लधर्मी असतें. भट्टीचें अस्तर वाळूच्या जातीचें म्हणजे तेंहि अम्लधर्मीच. अम्ल अम्लाला धरून ठेवीत नाहीं. म्हणून स्फुरदाला जावयास जागाच नव्हती, तो फिरून लोखंडांत शिरे. अस्तर जर चुन्याच्या जातीचें केलें आणि रसांतहि चुना टाकला, तर स्फुरद त्या चुन्याशीं बांधला जाऊन मळाबरोबर वर तरंगेल. शाळेंतल्या मुलालाहि समजेल इतकी ही गोष्ट सोपी. पण बावीस वर्षें युरोपांतल्या थोर थोर यंत्रज्ञांना ती सुचली नव्हती. त्याचा चुलतभाऊ पर्सी गिलख्रिस्ट हा वेल्समध्यें रसायनज्ञ होता. दोघांनीं मिळून लहानशा भट्टींत प्रयोग केले. १८७८ च्या वसंतांत आयर्न अँड स्टील इन्स्टिट्यूटच्या सभेंत या अनोळखी तरुणानें उठून आपण स्फुरद काढण्यांत यश मिळविलें आहे असें सांगितलें, तेव्हां जमलेल्या बड्या मंडळींनीं तिकडे फारसें लक्ष दिलें नाहीं. ४ एप्रिल १८७९ रोजीं मिडल्सबरो येथें मोठ्या भट्टींत प्रयोग यशस्वी झाला, आणि मग मात्र खंडांतून कारखानदारांची रीघ लागली. लॉरेनमधलें स्फुरदानें भरलेलें खनिज त्या वेळीं जर्मनीच्या ताब्यांत होतें. त्याला या युक्तीनें एकदम मोल आलें, आणि १८९० च्या दशकांत पोलादाच्या उत्पादनांत जर्मनीनें इंग्लंडला मागें टाकलें. भट्टींतून निघालेला मळ दळून शेताला खत म्हणून घालूं लागले. थॉमस स्वतः मात्र फुप्फुसाच्या विकारानें १८८५ सालीं, वयाच्या चौतिसाव्या वर्षीं वारला.

पोलादाची गोष्ट मोठ्या कारखान्यांची. पण जेथें आग आणि पाणी आहे तेथें रसायन हजरच असतें, मग यंत्रज्ञानें त्याला बोलावलेलें असो वा नसो. ज्या घरांत अजून तांब्याचा बंब तापतो त्या घरच्या गृहिणीला हें वेगळें सांगावयास नको. विहिरीचें जड पाणी वापरलें कीं बंबाच्या पोटांत पांढरा थर जमतो, लांकडें जास्त लागतात आणि पाणी लवकर तापत नाहीं. बॉयलरमध्यें हाच थर जमला तर नुसतें सरपण जास्त लागून भागत नाहीं. थराखालचें पोलाद पाण्यापासून तुटतें, लाल होईपर्यंत तापतें आणि दाबाखालीं फुगून फाटतें. म्हणून यंत्रज्ञांनीं पाण्यांत सोडा टाकण्यास प्रारंभ केला. थर जमावयाचा थांबला. परंतु विसाव्या शतकाच्या आरंभीं एक नवेंच अरिष्ट उभें राहिलें. थर नाहीं, गंज नाहीं, पत्रा जाडजूड, आणि तरीहि रिवेटांच्या ओळींत केसासारख्या भेगा पडून बॉयलर फुटूं लागले.

अमेरिकेंतील इलिनॉय विद्यापीठांत पार आणि त्याच्यामागून स्ट्रॉब यांनीं या भेगांचा माग काढला. सोडा बॉयलरच्या उष्णतेंत विघटन पावून त्याचा कॉस्टिक सोडा होतो. एकंदर पाण्यांत त्याचें प्रमाण अल्पच असतें. पण रिवेटाच्या फटींत शिरलेलें पाणी वाफ होऊन उडून जातें आणि कॉस्टिक तेथेंच मागें राहतो. पुन्हां पाणी शिरतें, पुन्हां वाफ होते. असें होतां होतां त्या फटींत कॉस्टिकचा जाड द्रव सांचतो आणि ताणाखालीं असलेल्या पोलादाच्या कणाकणांतील सांधे कुरतडतो. रिवेट ठोकणाऱ्याचा हात बिनचूक होता, पत्र्याची जाडी नियमाप्रमाणें होती, दाबाचा कांटा हद्दींत होता. यंत्रविद्येच्या पुस्तकांतली प्रत्येक अट पाळूनहि बॉयलर फुटला, कारण खरा गुन्हेगार त्या पुस्तकांत नव्हताच. पुढें रिवेटांऐवजीं जोडकामानें सांधलेलीं पात्रें आलीं, पाण्याची शुद्धि हें एक स्वतंत्र शास्त्र झालें आणि हें अरिष्ट बरेंचसें ओसरलें.

तथापि यंत्र आणि रसायन या दोन विद्या एकाच माणसाच्या डोक्यांत नांदल्या म्हणजे काय होतें याचें सर्वांत ठळक उदाहरण कार्ल बॉश याचें आहे. १८७४ सालीं कोलोन येथें जन्मलेला हा मुलगा कॉलेजांत जाण्यापूर्वी वर्षभर एका धातुकारखान्यांत उमेदवारी करीत होता. मग शार्लोटेनबुर्गच्या तंत्रविद्यालयांत तो धातुविद्या आणि यंत्रविद्या शिकला. तेथून १८९६ सालीं लाइप्झिगला जाऊन त्यानें रसायनाचा अभ्यास धरला आणि दोनच वर्षांत डॉक्टरेट मिळविली. यंत्र सोडून रसायनाकडे वळलेला हा विद्यार्थी त्या वेळच्या प्राध्यापकांना अस्थिर चित्ताचा वाटला असल्यास नवल नाहीं. १८९९ सालीं तो लुड्विग्सहाफेनच्या प्रसिद्ध रंग-कारखान्यांत, बा. आ. एस. एफ. मध्यें, नोकरीस लागला.

हवेंतला नत्रवायु आणि हायड्रोजन यांचा संयोग घडवून अमोनिया करण्याची किमया फ्रिट्झ हाबर यानें कार्ल्सरूहच्या प्रयोगशाळेंत साधली होती. त्याला हें उपकरण बनवून देण्यांत रॉबर्ट ल रॉसिन्योल या कुशल साहाय्यकाचा मोठा वांटा होता. २ जुलै १९०९ रोजीं बॉश आणि त्याचा सहकारी मिटाश हे तें पाहण्यास गेले. ऐन वेळीं एक बोल्ट दगा देऊन गेला, दुरुस्तीला तास लागले, आणि बॉश निघून गेला. मिटाश थांबला, आणि त्यानें नळींतून अमोनिया थेंब थेंब उतरतांना पाहिला. बॉशला मात्र तें पाहण्याची गरज नव्हती. हाबरला लागणारा दाब दोनशें वातावरणांच्या आसपास होता, आणि उष्णता पांचशें ते सहाशें अंश. एवढा दाब एवढ्या उष्णतेंत पेलणारें पात्र त्या काळीं कोणत्याहि कारखान्यांत नव्हतें. कंपनीचे वरिष्ठ तें ऐकूनच बिचकले होते. बॉशनें धातुकारखाना आंतून पाहिलेला होता. पोलादाकडून काय करून घेतां येईल हें आपणांस ठाऊक आहे, धोका पत्करावा, असा कौल त्यानें दिला.

मग पहिलीं मोठीं नळकांडीं आलीं; जाड भिंतींचीं, उत्तम पोलादाचीं. त्यांना उत्प्रेरक भरून, दाब देऊन तीं चालूं केलीं. सुमारें ऐंशीं तास तीं चाललीं आणि फुटलीं. हिशोबाप्रमाणें तीं फुटावयास नको होतीं. निव्वळ यंत्रज्ञ असता तर त्यानें भिंत आणखी जाड करा असें सांगितलें असतें. निव्वळ रसायनज्ञ असता तर उष्णता कमी करा म्हणाला असता. बॉशनें फुटलेल्या पोलादाचे तुकडे घांसले, त्यांना अम्लाचा हात दिला आणि ते सूक्ष्मदर्शकाखालीं धरले. पोलादाला जो कणखरपणा येतो तो त्यांतील कर्बामुळें, आणि तो कर्ब सूक्ष्मदर्शकांत विशिष्ट पट्ट्यांच्या रूपानें दिसतो. त्या पट्ट्या आंतल्या बाजूनें नाहींशा झालेल्या होत्या. तापलेला हायड्रोजन दाबाखालीं पोलादांत शिरला होता, कर्बाशीं मिळून त्याचा मीथेन वायु झाला होता, आणि तो मीथेन बाहेर पडूं न शकल्यामुळें पोलाद आंतून चिरत गेलें होतें. भिंत जाड केली असती तर मृत्यु थोडा लांबला असता, इतकेंच.

उपाय सांपडला १९११ च्या आरंभीं, आणि तो इतका साधा कीं ऐकणाऱ्याला फसवल्यासारखें वाटावें. नळकांड्याच्या आंत बॉशनें दुसरें एक पातळ नळकांडें बसविलें. तें जवळजवळ कर्ब नसलेल्या नरम लोखंडाचें. त्यांत कर्बच नाहीं म्हटल्यावर हायड्रोजन त्याचें काय वांकडें करणार? पण नरम लोखंडाला दाब पेलवत नाहीं. तो भार बाहेरच्या पोलादी भिंतीवर टाकला. आतां प्रश्न उरला तो आंतल्या अस्तरांतून पाझरून येणाऱ्या हायड्रोजनचा. त्यासाठीं बाहेरच्या भिंतीला ठिकठिकाणीं बारीक भोकें पाडलीं. पाझरलेला वायु पोलादांत घुसण्याऐवजीं त्या भोकांवाटे निमूटपणें हवेंत निघून जाई. चोराला दार बंद करीत बसण्यापेक्षां त्याला मागच्या दारानें वाट करून दिली, असाच हा प्रकार झाला. एका बाजूनें पाहिलें तर ही निव्वळ यंत्ररचना आहे. पण हायड्रोजन आणि कर्ब यांचें वैर ठाऊक असल्याशिवाय ती कोणालाहि सुचली नसती.

९ सप्टेंबर १९१३ रोजीं ओपाऊचा कारखाना सुरू झाला, दिवसाला ३० टन अमोनिया करण्याच्या उमेदीनें. पुढच्याच वर्षीं महायुद्ध पेटलें आणि खतासाठीं योजिलेला अमोनिया स्फोटकांकडे वळला. २१ सप्टेंबर १९२१ रोजीं याच ओपाऊंत खताच्या प्रचंड साठ्याचा स्फोट होऊन पांचशेंहून अधिक माणसें प्राणांस मुकलीं. घट्ट बसलेला ढीग मोकळा करण्यासाठीं त्यांत लहान सुरुंग उडविण्याची वहिवाट होती, आणि ती अनेकदां निर्धोक ठरली म्हणून नेहमींच निर्धोक ठरेल असें मानलें गेलें होतें. १९३१ सालीं बॉशला फ्रीड्रिख बेर्गियुसबरोबर रसायनाचें नोबेल पारितोषिक मिळालें. उच्च दाबाच्या पद्धतींबद्दल, म्हणजे एका अर्थानें यंत्ररचनेबद्दल, मिळालेलें तें रसायनाचें पारितोषिक होतें. ट्रॉम्बे आणि अलिबागजवळचें थळ येथील खतकारखाने याच पद्धतीच्या वंशांतले. थळचा अमोनिया दिवसाला हजार टनांहून अधिक निघतो, आणि महाराष्ट्रांतल्या शेताशेतांवर जो युरिया पडतो त्याच्या मुळाशीं बॉशचें तें भोकें पाडलेलें नळकांडें आहे.

ही गोष्ट शंभर वर्षांपूर्वीची म्हणून सोडून देतां येत नाहीं. हायड्रोजनपासून पोलादाला कोणत्या दाबांत आणि कोणत्या उष्णतेंत भय आहे हें दाखविणाऱ्या वक्ररेषा नेल्सन यानें १९४९ सालीं अनुभवावरून आंखल्या, आणि जगभरच्या तेलशुद्धि कारखान्यांतले यंत्रज्ञ त्या रेषांवर विसंबून पात्रें रचूं लागले. रेषेच्या खालीं असाल तर निर्धास्त असा. २ एप्रिल २०१० च्या मध्यरात्रीनंतर अमेरिकेंत वॉशिंग्टन राज्यांतील ॲनाकोर्टिस येथें सुमारें चाळीस वर्षें काम करीत असलेलें एक उष्णता-विनिमयाचें पात्र फाटलें आणि सात कामगार दगावले. चौकशी-मंडळाला पोलादांत तेंच आढळलें जें बॉशला आढळलें होतें: हायड्रोजननें आंतून खाल्लेला धातु. पात्र रेषेच्या खालींच चालत होतें. रेषाच विश्वासार्ह नव्हती. जोडकामानंतर भाजून ताण न काढलेल्या साध्या पोलादासाठीं पुढें २०१६ सालीं निराळी आणि अधिक सावध रेषा आंखण्यांत आली. रेषा पाठ असणें आणि ती रेषा कां आहे हें ठाऊक असणें, यांतलें अंतर अशा वेळीं माणसांच्या जिवानें मोजलें जातें.

येथें विरुद्ध पक्षाचेंहि एक उदाहरण घेतलें पाहिजे, नाहींतर रसायनाची तरफदारी फार सवंग होईल. टॉमस मिजली हा कॉर्नेल विद्यापीठाचा १९११ चा यंत्रविद्येचा पदवीधर. मोटारीचें इंजिन चढावर ठोके देतें तें कां, याचा शोध घेण्याचें काम त्याच्याकडे आलें. रसायन तो नोकरींत, स्वतःच्या हिमतीवर शिकला. मूलद्रव्यांचा तक्ता समोर ठेवून एकामागून एक पदार्थ पेट्रोलांत घालून पाहूं लागला, आणि ९ डिसेंबर १९२१ रोजीं शिशाचें एक संयुग त्याच्या हातीं लागलें. चिमूटभर घालतांच ठोके बंद. १९२४ सालीं न्यू जर्सींत तें संयुग करतांना पांच कामगार शिशाच्या विषानें मेले; तरी धंदा थांबला नाहीं. शिशाचें विष त्या वेळीं कोणाला अज्ञात होतें असें नव्हे; पण तें ओळखणें हें वैद्याचें काम ठरलें होतें, इंजिन रचणाऱ्याचें नव्हे. भारतांत शिसेंयुक्त पेट्रोल २००० सालीं बंद झालें. जगांतल्या शेवटच्या देशांत, अल्जीरियांत, २०२१ सालीं. याच मिजलीनें १९३० सालीं शीतयंत्रांसाठीं फ्रिऑन काढला. तो जळत नाहीं, विषारी नाहीं, म्हणून सर्वांनीं तो हर्षानें स्वीकारला, आणि त्यानें वातावरणांतल्या ओझोनला भोंक पाडलें. १९८७ च्या माँट्रिआल करारानें त्यावर निर्बंध आले. मिजलीला रसायन कमी येत होतें असें कोणी म्हणूं शकणार नाहीं. अमेरिकेंतल्या रसायनज्ञांनीं त्याला आपल्या संस्थेचें अध्यक्षपद दिलें होतें. त्याला जें हवें होतें तें त्यानें रसायनाकडून बरोबर काढून घेतलें. इंजिनाच्या बाहेर पडल्यावर त्या पदार्थाचें काय होतें, हा प्रश्न त्यानें विचारला नाहीं.

तेव्हां किती रसायन, या प्रश्नाचें उत्तर तासांत आणि गुणांत देतां येणें कठीण आहे. यंत्रज्ञाला कार्बनी संयुगांचीं लांबलचक नांवें पाठ असण्याची निकड नाहीं. त्याच्या प्रत्येक यंत्रांत धातु, पाणी, इंधन, तेल आणि हवा हीं पांच एकत्र नांदतात. तीं एकमेकांशीं काय करतात, आणि उष्णता व दाब वाढला म्हणजे त्यांचा स्वभाव कसा पालटतो, एवढें त्याला आपलेंसें असावें. आणि जेथें आपलें ज्ञान संपतें तेथें रसायनज्ञाला नेमका कोणता प्रश्न विचारावा, हेंहि त्याला कळावें. बेसेमरला हा प्रश्न विचारतां आला असता तर त्याचीं दोन वर्षें वांचलीं असतीं. उलट, घोकंपट्टीनें पार पडणारे तास कितीहि वाढविले तरी त्यांतून बॉश निर्माण होत नाहीं; या बाबतींत विद्यार्थ्यांच्या तक्रारींत तथ्य आहे. पहिल्या वर्षाच्या रसायनांत पुष्कळ ठिकाणीं पाण्याचा जडपणा मोजावयाचा असतो, पण त्या आंकड्याचा फाटलेल्या बॉयलरशीं काय संबंध, हें क्वचितच सांगितलें जातें. मग तो आंकडा परीक्षेबरोबर वाहून गेला तर दोष कोणाचा?

अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेनें २०१८ सालीं जो नमुना अभ्यासक्रम घालून दिला, त्यांत यंत्रविद्येसह सर्व शाखांच्या विद्यार्थ्यांना पहिल्या वर्षीं रसायनशास्त्राचा एक विषय, प्रयोगांसह, ठेवलेला आहे. त्यानंतर पांचच वर्षांनीं, जानेवारी २०२३ मध्यें, भारत सरकारनें हरित हायड्रोजनच्या योजनेस १९,७४४ कोटि रुपये मंजूर केले आणि २०३० पर्यंत वर्षाला पन्नास लाख टन हायड्रोजन निर्माण करण्याचें उद्दिष्ट ठरविलें. तो हायड्रोजन सांठविण्याच्या टांक्या, दाबण्याचे पंप आणि वाहून नेण्याचे नळ रचणार ते यंत्रविद्येचेच पदवीधर. तापलेल्या पोलादांतला कर्ब काढून नेणारा हायड्रोजन एक. आणि साध्या हवामानांत, कर्बाला हात न लावतां, कणखर पोलादांत शिरून त्याला ठिसूळ करणारा हायड्रोजन दुसरा. दोहोंवरचे उपाय निरनिराळे आहेत. पहिल्याला क्रोमियम आणि मॉलिब्डेनम मिसळलेलें पोलाद लागतें, कारण तें आपला कर्ब घट्ट धरून ठेवतें. दुसऱ्यासाठीं बहुधा फार कणखर पोलाद टाळून थोडें मवाळ पोलाद पसंत करावें लागतें.